निकेल बाथचा फिल्टर: जुन्या हाउसिंगमध्ये बाजारातली कँडल

२४ जून २०२४, सोमवार

आमच्या निकेल प्लेटिंगच्या गाळ्यात एजंटचा फोन आला. आपल्या फिल्टर युनिटची एलिमेंट, म्हणजे आतली गाळणारी नळकांडी, बनवणं कंपनीने बंद केलंय, स्टॉकमध्येही नाहीत. शेवटची चार आत बसवलेली आहेत आणि दाबाच्या गेजचा काटा दीड बारला चिकटलाय, म्हणजे तीही तुंबलीयत. पर्याय म्हणून त्याने लगेच नव्या युनिटचं कोटेशन पाठवलं. बाबांनी आकडा वाचून चष्मा काढून ठेवला. म्हणजे विषय संपला.

युनिट बाबांनी रबाळ्यात गाळा घेतला तेव्हा वापरलेलं विकत घेतलेलं. मॅग्नेटिक ड्राइव्हचा पंप अजून ठणठणीत, तासाला ५००० लिटर देतो. निकेलची टाकी १२०० लिटरची, म्हणजे अख्खा बाथ (टाकीतलं द्रावण) तासाला चार वेळा फिल्टरमधून जातो. एवढं पुरतं. चेंबर जाड पॉलिप्रॉपिलीनचं (पीपी), कुठे चीर नाही. पंप चांगला, चेंबर चांगलं आणि निव्वळ आतला कापूस मिळत नाही म्हणून सगळं भंगारात घालायचं, हे मलाही पटत नाही.

ठरलं: चेंबर तेच ठेवायचं, आतली मांडणी बदलायची आणि कुठल्याही दुकानात मिळणारी दहा इंची कँडल बसेल असं करायचं. गणपतीच्या आधी. दरवाजाच्या हँडलांची मोठी ऑर्डर आहे.

२६ जून, बुधवार

दुपारी बाथ थांबवून चेंबर उघडलं. आतला व्यास २६० मिमी, उंची ३४०. खाली एक प्लेट, तिच्यावर चार नळ्या उभ्या. प्रत्येक नळीला जाड, खडे आटे, त्यावर एलिमेंटचं बूड फिरवून बसवायचं. आटे मोजले तर ना बीएसपी (पाइपांचे नेहमीचे आटे), ना मेट्रिक. मुद्दामच वेगळे पाडलेले असणार. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून आट्यात घातलेलं कुलूप.

द्रावण बाहेरून आत जातं: चेंबरमध्ये मळकं, एलिमेंटच्या पोटात स्वच्छ. मळकं आणि स्वच्छ यांच्यामध्ये फक्त ती प्लेट आणि ते बूड. कागदावर हे चित्र काढून ठेवलं, कारण पुढचं सगळं या एका सीमेवर अवलंबून आहे. चुकून केसाएवढी फट राहिली तरी द्रावण तिथूनच जाणार. त्याला सोपा रस्ता आवडतो.

२९ जून, शनिवार

दोन प्रकारच्या कँडल आणल्या.

पहिली साधी, दोन्ही टोकं उघडी. घरच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये असते तीच. तिला स्वतःचं सील नसतं. वरून आणि खालून एकेक गोल धार तिच्या टोकात रुतते, तेच सील. स्वस्त, कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. गंमत म्हणजे दोन दुकानांतून ‘दहा इंची’ म्हणून आणलेल्या दोन कँडल, एक २४८ मिमी तर दुसरी २५४. दोघीही आपापल्या जागी बरोबर. घरगुती हाउसिंगची कँडल पावणेदहा इंचांची असते, तरी तिला दहाच म्हणतात.

दुसरी २२२ची. एका टोकाला नळीसारखं तोंड, त्यावर दोन ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या. २२२ हा ओ-रिंगचा नंबर आहे: आतला व्यास ३७.६९ मिमी, जाडी ३.५३. तोंड भोकात ढकलायचं, ओ-रिंग भोकाच्या भिंतीला दाबून बसते. दुसरं टोक बंद, चपटं किंवा पातीसारखं. हिची मोठी बहीण २२६, आतला व्यास ५०.३९, तिला फिरवून अडकवायचे कान असतात. पण २२२ साध्या कँडलच्या काही पट महाग.

दोन्ही प्रकार कुण्या एका कंपनीचे नाहीत, डझनभर जण बनवतात. तेच तर हवंय.

बाबा म्हणाले, “स्वस्त मिळतेय तर महागडी कशाला?” मलाही तेव्हा तेच वाटलं.

३ जुलै, बुधवार

मांडणी: २५ मिमी जाड पीपी शीटची नवी प्लेट, मध्ये एक आणि भोवती सहा अशा सात कँडल. ६३ मिमीची कँडल, मध्यापासून मध्यापर्यंत ८० मिमी. बाहेरच्या कडा २२३ मिमीच्या वर्तुळात येतात, चेंबर २६० चं, चारी बाजूंनी जागा उरते. मिनिटाला ८३ लिटर भागिले सात, म्हणजे एकीच्या वाट्याला बारा लिटर. दहा मायक्रॉनच्या कँडलला झेपेल.

प्लेटवर सात गोल धारा, प्रत्येकीच्या मध्यातून आठ मिमीची टायटॅनियमची सळई उभी. कँडल सळईत ओवायची, वर धारवाली टोपी, त्यावर नट. टायटॅनियम एका जुन्या ॲनोड बास्केटच्या (टाकीत निकेल टांगायच्या टोपलीच्या) हुकांतून निघालं. स्टील चालणार नाही. निकेलच्या बाथमध्ये लोखंड, तांबं, जस्त काहीही उतरलं की चमक गेली. स्टेनलेससुद्धा नको, बाथमध्ये क्लोराइड असतं.

ड्रॉइंग वागळे इस्टेटच्या काकांकडे पाठवलं. काका बाबांचे जुने टर्नर, आता स्वतःचं वर्कशॉप आहे. त्यांचा उलट फोन: “पोरी, मापं बरोबर आहेत, पण धार किती उंच ते लिहिलंच नाहीस.” दोन मिमी सांगितली.

८ जुलै, सोमवार

मस्जिदला उतरून नागदेवीच्या बाजारात ओ-रिंगची कॉर्ड आणायला जाणार होते. रात्रभर असा पाऊस झाला की सकाळी लोकलच ठप्प. विटाव्याच्या पुलाखाली पाणी, काकांचा माणूसही येऊ शकला नाही. गाळ्यात तिघंच आलो. ॲनोडच्या पिशव्या तपासल्या, दोन उसवलेल्या होत्या, त्या बदलल्या.

११ जुलै, गुरुवार

प्लेट आली. सुंदर काम. प्लेटच्या कडेला ईपीडीएम रबराची कॉर्ड बसवली. साधं काळं नायट्राइल मुद्दाम टाळलं, तसल्या रबरातून गंधकाची संयुगं बाथमध्ये उतरायची भीती असते.

सात कँडल चढवल्या, नट हाताने आवळून वर पाव फेरा पान्याने. साध्या पाण्यावर तासभर चालवलं. बाहेर एक थेंब नाही, गेज ०.२ बार. बाबांनी चहा मागवला.

१३-१४ जुलै, शनिवार-रविवार

निकेलवर टाकलं आणि अर्ध्या तासात टाकीवर फेस. दादा, म्हणजे आमचा बाथ सांभाळणारा, धावत आला: “ताई, साबण कोणी टाकला?”

साबण नव्हे. मी सुताच्या गुंडाळीच्या कँडल घेतल्या होत्या. सूत कातताना धाग्याला तेलकट वंगण लावतात, ते गरम द्रावणात सुटलं. सेंद्रिय घाण म्हणजे पिटिंग (बारीक खड्डे) आणि ठिसूळ निकेल. हल सेल, म्हणजे बाथ तपासायचं छोटं तिरकं पात्र, लावला, २ अँपिअर, पाच मिनिटं, पितळी पट्टी. कमी करंटच्या टोकाला धुरकट डाग. (हल सेल २६७ मिलिलिटरचाच का, हे मला डिप्लोमाला कोणी सांगितलं नव्हतं. त्यात दोन ग्रॅम काही टाकलं की ते गॅलनला एक औंस होतं, अमेरिकी गॅलन. तिकडच्या प्लेटरांची सोय, ती आपण अजून वापरतो.)

रविवार कार्बन ट्रीटमेंटमध्ये, म्हणजे कार्बनने ती घाण शोषून काढण्यात गेला. सूतवाल्या कँडल काढल्या, वितळलेल्या पीपीच्या फुंकून बनवलेल्या घेतल्या. त्यांत धागाच नाही, म्हणून वंगणही नाही. सूतवाल्या वापरायच्याच झाल्या तर आधी गरम पाण्यात उकळून, धुऊन. हे मला माहीत होतं. घाईत विसरले.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. दादाने गाळ्यात विठ्ठलाच्या फोटोला हार घातला, सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी. बाथ साफ, गेज ०.३. सगळं मार्गी लागल्यासारखं वाटतंय.

२२ जुलै, सोमवार

नाही लागलेलं. गिऱ्हाइकाने शुक्रवारच्या मालातली चाळीस हँडल परत केली. दाणे. बोटाने कळत नाहीत, पण उजेडात तिरकं धरलं की वाळूचा हात फिरल्यासारखं दिसतं.

दाणे कुठे आहेत ते आधी बघायचं, हे बाबांनी लहानपणी शिकवलेलं. बाथमध्ये जी बाजू आकाशाकडे असते तिथेच जास्त असले तर कचरा द्रावणात तरंगतोय आणि खाली बसतोय. कण बसतो, त्याच्यावर निकेल चढतं, टेंगूळ होतं. सगळ्या बाजूंनी सारखे असले तर आधी क्लीनिंगकडे बघायचं. इथे दाणे फक्त वरच्या अंगाला.

म्हणजे फिल्टर. पण फिल्टर तर चालू आहे, गेजही हळूहळू वर सरकतंय, म्हणजे कँडल कचरा खातायत. मग घोडं पेंड खातंय कुठे?

२३ जुलै, मंगळवार

दादाने कोडं अर्धं सोडवलं. तो प्रत्येक लॉटची एक पट्टी बाजूला ठेवतो, तारीख-वेळ मार्करने लिहून. मी आठवड्याच्या पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या. दाणे फक्त सकाळच्या पहिल्या दोन लॉटमध्ये. अकरानंतर एकही नाही. रोज तसंच.

पहिला संशय बोरिक ॲसिडवर. आमच्या बाथमध्ये लिटरला ४२ ग्रॅम आहे. २० अंशांना पाण्यात साधारण ४७ ग्रॅम विरघळतं, म्हणजे थंडीत स्फटिक धरणं नवं नाही. पण जुलैत सकाळी बाथ ३० अंशांच्या खाली जात नाही. तरी चेंबरच्या तळाचा गाळ चमचाभर घेऊन गरम पाण्यात ढवळला. बोरिक असता तर विरघळला असता. काळाच राहिला.

२४ जुलै, बुधवार

सकाळी साडेसातला आले, पंप सुरू व्हायच्या आधी. चेंबर उघडलं, कँडलींना हात लावला. सातपैकी पाच आपल्या सळईवर सैल. एक तर चक्क गोल फिरली, शेंगदाण्यासारखी खुळखुळत. शनिवारी मी स्वतः आवळल्या होत्या.

दादाला विचारलं, नट ढिले केलेस का? त्याने मान हलवली आणि उलट म्हणाला, रोज सकाळी मीच पाव फेरा आवळून देत जाऊ का? बरं वाटलं, पण ते औषध नाही. नट जागचे हललेलेच नाहीत. मार्करने केलेली खूण जिथल्या तिथे आहे. कँडल आखूड झाल्यात.

काढून मोजली. २५४ ची कँडल २५३.१. दोन्ही टोकांना धारेने खोल खाचा पाडलेल्या.

२५ जुलै, गुरुवार

आता कळतंय. पीपी तापलं की ताणतं, मीटरला प्रत्येक अंशामागे साधारण ०.१२ मिमी. सकाळी ३० अंश, कामाच्या वेळी ५८, फरक २८ अंश. २५४ मिमीची कँडल तेवढ्यात ०.८५ मिमी लांब होऊ बघते. टायटॅनियमची सळई जेमतेम ०.०६ मिमी वाढते. कँडलला जायला जागा नाही. गरम पीपी मऊ असतं, ती स्वतःलाच धारेवर चिरडून घेते. रात्री थंड झाली की आकसते, चिरडलेलं मात्र परत फुगत नाही. सकाळी फट. पंप सुरू होतो, चेंबरमध्ये रात्रभर बसलेला गाळ ढवळला जातो आणि त्या फटीतून थेट टाकीत. अकरापर्यंत बाथ तापतो, कँडल परत लांब होते, फट बुजते, दाणे थांबतात.

थंड पाण्यावर तासभर चालवून मी कसली परीक्षा घेतली होती? परीक्षा गरम करून, थंड करून, मग घ्यायला हवी होती. बाबा काही बोलले नाहीत. चहाचा कप माझ्याकडे सरकवला, एवढंच.

२७-२८ जुलै, शनिवार-रविवार

हिशेब कागदावर जुळला तरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय दुसरी प्लेट करायची नव्हती. फिल्टरमधून येणाऱ्या पाण्यातलं गाळून किती आलं आणि चुकवून किती आलं, हे वेगळं कसं करायचं? दादाचीच युक्ती: कँडलच आंधळी करायची. मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून कँडलवर मोजा चढवावा तसा ओढून चढवला. बाहेरून दाब आला की रबर आणखी आवळतं. आता अंगातून पाणी आत जाणं बंद. जे येईल ते टोकांकडून.

निकेल नाही, साधं पाणी, मोकळ्या टाकीत. सातही आंधळ्या. थंडगार असताना आउटलेटला मिनिटाला साधारण पाव लिटर. हे शून्य होणार नाही, टोकाच्या उघड्या कडेतून थोडं झिरपतंच. मग ५८ अंशांवर तीन तास, रात्रभर थंड. रविवारी सकाळी बादली लावली: मिनिटाला अडीच लिटर. दहा पट.

फोनवर व्हिडिओ काढून काकांना पाठवला. त्यांचं उत्तर एका शब्दात: “स्प्रिंग?”

३० जुलै, मंगळवार

स्प्रिंगचा विचार केला. वरच्या टोपीखाली स्प्रिंग असली तर कँडल वाढली-आकसली तरी दाब राहील. पाण्याच्या फिल्टरमध्ये हे चालतं. पण निकेलमध्ये स्टेनलेसची स्प्रिंग नको, टायटॅनियमची या मापात मिळेना, आणि पीपीची स्प्रिंग ५८ अंशांवर दोन महिन्यांत मान टाकेल. शिवाय स्प्रिंग आली तरी सील धारेचंच. लांबीवर भरवसा ठेवणारं सील या बाथमध्ये नको.

२२२ मध्ये सील लांबीवर नाही, भोकाच्या भिंतीवर आहे. कँडल वर एक मिमी वाढली काय, दोन वाढली काय, ओ-रिंग आपल्या जागी. शिवाय भोकही पीपीचं आणि कँडलचं तोंडही पीपीचं, तापले तर दोघं मिळून तापतील. मी २९ जूनला हीच हातात घेऊन खाली ठेवली होती.

उंची तपासली. पातीवाली बसत नाही, झाकणाला लागते. चपट्या डोक्याची बसते, वर जागाही राहते.

५ ऑगस्ट, सोमवार

प्लेट तीच, धारा छिलून सपाट केल्या, सळयांची भोकं मोठी केली. प्रत्येक भोकाखाली पीपी रॉडमधून काढलेली वाटी वेल्ड करायची, तिच्यात २२२चं तोंड बसेल. २५ मिमीच्या प्लेटमध्ये दोन ओ-रिंगांना पुरेशी खोली नाही म्हणून वाटी.

मी ड्रॉइंगमध्ये वाट्या तयार मापाच्या दाखवल्या होत्या. काकांनी पेन्सिलने काट मारली. “आधी वेल्ड, मग भोक. वेल्ड ओढणार, तुझं गोल अंडं होणार.” झालंही तसंच: सात वाट्या वेल्ड केल्यावर प्लेट मध्यात ०.८ मिमी उचलली गेली. काकांनी ती परत फेस करून सपाट केली, मग मिलिंगवर बोरिंग हेड लावून भोकं काढली.

हातातल्या कँडलवर ओ-रिंगसकट बाहेरचा व्यास ४५.२ भरला. भोक ४४.१ सांगितलं, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.५५, ओ-रिंग साधारण १५ टक्के दबते.

६ ऑगस्ट, मंगळवार

काल संध्याकाळी बोअर गेजवर ४४.१. आज सकाळी ४३.९५. काका गेज झटकून परत मोजत होते. काल मोजलं तेव्हा टूलच्या घर्षणाने पीपी कोमट होतं, एवढंच. धातूवर हयात गेलेल्या माणसाला प्लास्टिक असं फसवतं. आता नियम: शेवटचा कट रात्री बाकी ठेवायचा, सकाळी गार असताना मोजून मगच घ्यायचा. एक दिवस गेला.

९ ऑगस्ट, शुक्रवार

प्लेट गाळ्यात. पहिली कँडल ढकलली, जड गेली, काढली तर खालच्या ओ-रिंगचा काप निघालेला, नखाएवढा, चंद्रकोरीसारखा. भोकाच्या तोंडाची कडा धारदार राहिली होती. ओ-रिंगला आत शिरताना उतार हवा, वीसेक अंशांचा, आणि तो इतका रुंद की ओ-रिंग कडेला टेकायच्या आधीच उतारावर यावी. ड्रॉइंगमध्ये माझ्याकडून सुटला. काकांनी हातातल्या स्क्रेपरने सातही तोंडं सोडवली, वर ४०० नंबरच्या ओल्या पेपरने फिरवलं. अर्धा तास लागला. कापलेली ओ-रिंग मी टेबलाच्या काचेखाली ठेवलीय.

ओ-रिंगला ग्रीस लावायचा मोह होतो. सिलिकॉन ग्रीस प्लेटिंगच्या गाळ्यात आणूच नये, हात लागलेल्या प्रत्येक जॉबवर प्लेटिंग सुटायची भीती. बाथच्याच द्रावणात बुडवून ओली करायची, सरळ दाबायची, किंचित फिरवायची.

वरून एक जाळीदार पीपीची चकती ठेवली, कँडलींच्या डोक्यापासून ३ मिमी वर. ती दाबायला नाही. पंप चालू असताना दाबच कँडलला खाली धरतो, पण पंप अचानक बंद पडला की वरच्या पाइपातलं द्रावण उलटं येतं आणि कँडल भोकातून उठू शकते. फक्त उठू द्यायची नाही.

१२ ते १५ ऑगस्ट

परत आंधळ्या कँडल, परत ट्यूब. या वेळी टोकंही बंद असल्यामुळे शून्याची अपेक्षा रास्त होती. थंड: दहा मिनिटांत बादलीचा तळ ओला. ५८ अंशांवर चार तास, रात्रभर थंड, सकाळी: तेवढंच. तीन वेळा केलं. तिसऱ्या सकाळी दादा बादलीशेजारी उकिडवा बसून थेंब मोजत होता, मोठ्याने. अकरापर्यंत गेला आणि कंटाळला.

मधल्या कँडलची वाटी जराशी तिरकी वेल्ड झालीय, तोंड हातात किंचित डुलतं. ओ-रिंग सांभाळून घेतेय. पुढच्या प्लेटला सुधारू.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

निकेलवर. ट्यूब काढल्या, खऱ्या कँडल, दहा मायक्रॉन. गेज ०.२. आता बाबांनाच प्रश्न पडलाय की घड्या घातलेली कँडल का नको. हिशेब सोपा आहे: आमच्या साध्या कँडलचं बाहेरचं अंग जेमतेम ०.०५ चौरस मीटर, घड्यांच्या कँडलमध्ये त्याच जागेत अर्ध्या चौरस मीटरच्या वर मावतं. पण साधी कँडल कचरा आपल्या जाडीत जिरवते आणि महिन्याला बदलायला परवडते. आता तोंड एकच आहे, उद्या घड्यांची लावून बघायची तर फक्त विकत आणायची.

२६ ऑगस्ट, सोमवार

दहा दिवसांच्या पट्ट्या. सकाळची आणि संध्याकाळची शेजारी ठेवून मी, बाबा आणि दादा तिघांनी वेगवेगळं बघितलं. ओळखता येईना कुठली सकाळची. दादाने नंबर झाकून माझी परीक्षा घेतली, मी दहात चार बरोबर सांगितल्या, म्हणजे नुसता अंदाज. हँडलं गेली, परत काही आलं नाही.

गेज ०.६. एक बारला बदलायचं ठरवलंय. गेजच्या आधी पीपीचा डायफ्रॅम आहे, द्रावण गेजच्या पितळेला लागत नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

पहिला सेट बदलला, गेज एक बारवर आलं म्हणून. सात कँडल काढून, निथळून, बंद ड्रममध्ये. निकेल लागलेल्या कँडल म्हणजे घातक कचरा, कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत. तळोज्याला जातात. आधीची एलिमेंटसुद्धा तिथेच जायची, तेव्हा ती चार असायची आणि ड्रमही लवकर भरायचा नाही. हा खर्च मी सुरुवातीला धरलाच नव्हता. धरूनही स्वस्त पडतं, पण धरायला हवा होता.

संपूर्ण अदलाबदलीला पस्तीस मिनिटं लागली, दादाने एकट्याने केली. मी फक्त ओ-रिंग बघितल्या.

शेजारच्या गाळ्यातले काका, झिंकवाले, झाकण उघडं असताना डोकावले. त्यांच्याकडेही तसलंच खड्या आट्यांचं युनिट आहे, एलिमेंट मिळत नाही म्हणून फिल्टरशिवाय चालवतायत. “माझी पण प्लेट करून दे ना.” त्यांचं चेंबर मोजायला मंगळवारी जाते. त्यांचा बाथ अल्कलाइन, म्हणजे ओ-रिंग कुठली चालेल ते नव्याने बघायला लागेल.

६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या गणपती. पंप बंद. झाकणावर पंचने खोदून घेतलं: २२२, चपटं डोकं, १० इंच, १० मायक्रॉन. त्याखाली दादाने मार्करने लिहिलंय: ग्रीस लावू नये.